परळातलं पाणी

बसा रे इथं ओट्यावर. चपला काढा, आणि मोतीला जवळ धरून ठेवा, सोडू नका. ऊन आत्ता कुठं भिंतीवरून खाली उतरलंय. आता अर्ध्या तासात आपल्या परसात गर्दी होईल. तिकीट नाही, पण बोलायचं हळू.

ते मधोमध मातीचं परळ दिसतंय? परवा धाकटीनं विचारलं होतं, आबा, तुम्ही झाडांना भांड्याचं पाणी घालता आणि पाखरांना मात्र प्यायचं पाणी, असं का? तिचं बरोबर आहे. आपल्या घरात पाण्याला तीन जन्म असतात. पहिल्या जन्मी ते नळाचं, टिपाडात भरून ठेवलेलं. दुसऱ्या जन्मी भांड्यांचं नि न्हाणीचं. तिसऱ्या जन्मी ते अळूच्या, कढीपत्त्याच्या मुळाशी जातं. परळात मात्र पहिल्या जन्माचंच घालायचं, कारण साबणाचं पाणी पाखरांच्या पोटात जायला नको. तुमची आजी सुरुवातीला यावरून माझ्याशी भांडली होती. आता सकाळी तीच परळ घासते आणि मला हात लावू देत नाही.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. तुम्ही पुण्याहून आलेली पोरं, तुम्हाला नळ म्हणजे फिरवला की धो धो. इथं कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला आपला नवीन. आपल्याकडं पाणी यायचं घाणेवाडीच्या तलावातून. तो निजामाच्या राज्यात बांधलेला, आणि तिथून पाणी नुसत्या उतारानं गावात येतं. पुढं पैठणहून जायकवाडीचंही आलं. पण 2012-13 च्या दुष्काळात तुमचा बाप आणि मी टँकरमागं हंडे घेऊन उभे राहिलोय. त्या उन्हाळ्यात ही मोसंबी सोडली तर सगळी बाग वाळली. हे परळ त्याच वर्षी पहिल्यांदा भरलं. एक साळुंकी टिपाडाच्या झाकणावर चोच उघडी टाकून बसलेली पाहिली आणि राहवलं नाही.

चोच उघडी का, ते सांगतो. पाखरांना घाम येत नाही. घामाच्या ग्रंथीच नसतात त्यांना. मग अंगातली उष्णता बाहेर टाकायची कशी? चोच उघडायची आणि भराभर धापा टाकायच्या; काही पाखरं गळ्याची कातडीही थरथरवतात. आतल्या ओलाव्याची वाफ होते, गारवा येतो. आपल्या माठाचंच तत्त्व. पण माठात पाणी असेल तर माठ गार, नाही का? म्हणून पारा चाळिशीच्या वर गेला की पाखराला आधी पाणी लागतं, दाणे नंतर.

श्श. तो बघा, आला. बाकीच्यांना भिववून पहिला मान घेणारा. कावळा. त्याच्या चोचीत काय आहे? भाकरीचा वाळका तुकडा. शेजारच्या गच्चीवरून उचललेला असणार. बघा आता काय करतो... घातला परळात! भिजवतोय. आपण चहात खारी बुडवतो तसं. मऊ झाला की खाईल आणि पाण्यात चुरा सोडून जाईल. म्हणून आजी रोज परळ घासते. कधी कधी हाडूकही असतं, ते मी तिच्या आधी उठून काढतो. हे तिला सांगू नका.

कावळ्याची ती खडे टाकायची गोष्ट तुम्हाला शाळेत होती ना? मला वाटायचं, कुणीतरी रचलेली असेल. पण 2009 साली केंब्रिजच्या संशोधकांनी रूक नावाच्या, कावळ्याच्याच जातकुळीतल्या पाखरापुढं एक नळी ठेवली. नळीत थोडं पाणी, पाण्यावर अळी, आणि चोच तिथवर पोचत नाही. बाजूला खडे. त्या पाखरानं खडे टाकले, पाणी वर आलं, अळी गट्टम! मोठे खडे असतील तर ते आधी मोठे उचलायचं. गोष्टीतल्या कावळ्याला तहान होती, या पठ्ठ्याला भूक. एवढाच फरक.

आता तो होला उतरला. करडा, मानेवर काळी पट्टी असलेला. आणि त्याच्या पलीकडं दोन चिमण्या. आता दोघांकडं नीट बघा, घाई करू नका. चिमणी काय करते? चोचीत घोट घेते, मान वर करते, घोट घशात सोडते. परत खाली. देवाचे आभार मानत पिते, असं माझी आजी म्हणायची. आणि होला? त्यानं चोच बुडवली ती बुडवलीच. मान वर नाही. ओढतोय तो, म्हशीसारखा. कबुतरं, पारवे, होले यांना पाणी ओढून पिता येतं. बहुतेक पाखरांना येत नाही. उघड्यावर पाणी पिताना जेवढा वेळ कमी तेवढं बरं, कारण शिकरा वरून बघत असतो. एका दमात प्यायचं आणि भुर्र.

पाण्यावरून आठवलं. आपल्या जालन्याच्या बाहेर, जिथं पीक नाही, नुसता माळ आहे, तिथं पखुर्डी नावाचं पाखरू असतं. कुणी भाट तितर म्हणतात. मातीच्या रंगाचं, पायाखाली येईस्तोवर दिसत नाही. त्याची पिल्लं माळावर, पाणी कोसभर लांब, आणि पिल्लांना उडता येत नाही. मग बाप काय करतो? पाण्याच्या कडेला जातो, पोट पाण्यात टेकवून अंग हलवत बसतो. पोटावरच्या पिसांची घडण अशी असते की ती टॉवेलसारखी पाणी धरून ठेवतात. तसाच ओल्या पोटानं उडत येतो, उभा राहतो, आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसं चोखतात. मीड-वाल्डो नावाच्या एका इंग्रजानं 1896 मध्ये हे लिहिलं, तेव्हा कित्येकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. 1967 मध्ये कलाहारी वाळवंटातल्या पाखरांवर दोन शास्त्रज्ञांनी ते पक्कं केलं. मला मात्र हे वाचल्या दिवशीच पटलं होतं. टँकरवरून हंडा आणताना माझंही पोट असंच भिजायचं.

मनी कुठंय? आत? बरं. खिडकीत बसलीय बघा, शेपटीचं टोक हलतंय. तिचा सगळा जीव त्या होल्यात. म्हणूनच परळ मधोमध मोकळ्यावर ठेवलंय, विटांच्या चौथऱ्यावर. पहिल्या वर्षी मी ते मोसंबीच्या सावलीत ठेवलं होतं. मला वाटलं, पाखरांना सावली बरी. मनीला ती माझ्याहून बरी वाटली. तिसऱ्या दिवशी बुलबुलाची पिसं सापडली. चूक तिची नाही. मांजर पाळलं तर तिची शिकार पाळल्यासारखीच आहे. तेव्हापासून सकाळी उजाडताना आणि सांजेला, म्हणजे तिच्या शिकारीच्या वेळेला, मनी घरात. गळ्यात घुंगरू आहेच, पण ती इतकी हळू चालते की घुंगरूही वाजत नाही.

पण मनी पाणी कशी पिते ते कधी पाहिलंत? दार लावून तिच्यापुढं वाटी ठेवा. पाहून कळणारच नाही, जीभ इतकी भरभर चालते. सेकंदाला साधारण चार वेळा. आपल्याला वाटतं, जिभेची पळी करून उचलत असेल. तसं नाही. अमेरिकेत एमआयटी नावाची मोठी संस्था आहे. तिथले प्राध्यापक रोमन स्टॉकर एकदा सकाळी न्याहारी करता करता आपल्या मांजराकडं बघत बसले, आणि कोडं पडलं. मग त्यांनी आणि तिघा सोबत्यांनी त्याचं वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं. 2010 साली उत्तर छापलं. मांजर जिभेचं टोक मागं वळवतं आणि पाण्याला नुसतं टेकवतं, बुडवत नाही. टेकवलं की झटकन वर ओढतं. जिभेला चिकटून पाण्याची एक बारीक धार उभी राहते, खालून वर! ती धार कोसळायच्या आत मांजर जबडा मिटतं. एका खेपेला मिळतं किती? थेंब-दोन थेंब. काचेची चकती यंत्रानं वरखाली करून त्यांनी हे ताडूनही पाहिलं. आणि वाघ-सिंहांचं चित्रण पाहिलं, तर तेही असेच पितात, फक्त जीभ मोठी म्हणून सावकाश. हनुवटी कोरडी, मिशा कोरड्या. मनीसारखं टापटीप पिणारं या घरात दुसरं कुणी नाही, आजी धरून.

मोतीचं काय? मोतीची बातच सोडा. तोही जीभ मागंच वळवतो, पण टेकवत नाही, बदाबदा आपटतो. पळीसारख्या वळलेल्या जिभेत पाणी येतं खरं, पण त्यातलं बरंचसं सांडतं. पोटात जातं ते जिभेला चिकटून वर उडालेलं. म्हणून त्याच्या वाटीभोवती नेहमी तळं. ते तळंही फुकट जात नाही, बघा, तिथंच त्या मधमाश्या बसल्यात.

घाबरू नका, त्यांना तुमच्यात रस नाही. त्या पाणक्या आहेत. उन्हाळ्यात पोळं तापलं की काही माश्या फक्त पाणी वाहतात. आतल्या माश्या ते थेंब थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. झाला कूलर. परळात त्या बुडून मरायच्या, म्हणून मी त्यात खडे टाकलेत, पाण्यावर डोकं काढणारे. कावळ्याकडून शिकलो म्हणा ना. आणि ओल्या मातीतून गोळी उचलून नेणारी ती बारीक कमरेची? ती कुंभारीण. तिला पाणी नको, चिखल हवा. आपल्या देवघराच्या कोनाड्यात जो मातीचा गाडगुला दिसला होता तो तिचाच.

आता अंधारतंय. दिवा लावू नका. त्या कढीपत्त्याच्या कुंडीमागं बघा, जिथं परळातलं उतू गेलेलं पाणी जिरतं. काही हललं? ढेकूळ नाही ते. भेक आहे, खडबडीत कातडीचा. याची गोष्ट मी शेवटी ठेवली होती.

सांगा, हा तोंडानं पाणी किती पितो? अजिबात नाही! त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला, मांड्यांशी, पातळ कातडीचा भाग असतो. ओल्या मातीवर पोट टेकून बसला की त्या कातडीतून पाणी आत शिरतं. आपण खुर्चीत बसतो, तो पितो. उन्हाळाभर तो कुंड्यांच्या सांदीत, ओलीत अंग चोरून पडलेला असतो. कुंडी सरकवताना म्हणून आधी खाली बघायचं. रात्री बाहेर पडतो तो झुरळं, वाळवी, कीडमुंगी खायला. परसाचा रात्रीचा रखवालदार.

आणि याच रखवालदाराला मोतीनं गेल्या पावसाळ्यात तोंडात धरलं. भेकाच्या डोळ्यांमागं दोन फुगीर उंचवटे दिसतात ना, त्यांत विष असतं. आपल्या हाताला नुसतं लागलं तर धुवून जातं, पण कुत्र्याच्या तोंडात गेलं तर लाळेचा फेस, उलट्या. जास्त गेलं तर हृदयावर येतं. मोतीनं भेक थुंकला आणि वेड्यासारखा तोंड घासत फिरायला लागला. मी त्याची मान खाली धरून तोंड पाण्यानं धुतलं, पाणी आत न जाता बाहेर वाहील असं, हिरड्या फडक्यानं पुसल्या आणि रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. वाचला. भेकही वाचला, कुंडीमागं फुगून बसला होता, रागावलेल्या मामलेदारासारखा. तेव्हापासून रात्री मोतीला साखळी. बघा, आत्ताही कान मागं पाडलेत त्यानं. आठवण आहे त्याला.

एक काम राहिलं. परळ आता रिकामं करून पालथं घालायचं. रोज रात्री. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. डेंग्यूचा डास तर स्वच्छ पाण्यातच. पाहुणचार करायचा, पण सगळ्यांचा नाही. उरलेलं पाणी मोसंबीला घाल, हां, खोडाजवळ नको, आळ्यात.

अगं, अगं! ताटलीत तोंड काय घालतेस? मांजरासारखं पिऊन बघतेस? बरं, बघ. जिभेचं टोक मागं वळव. टेकव फक्त, बुडवू नको... नाकात गेलं ना? ठसका लागला. तू सरक रे, तू काय करतोस? मोतीसारखं? अरे, अरे, सगळी फरशी...

ऐकलंत आजी आतून काय म्हणतेय? उद्या नळ नाही.