अग्निशमन केंद्राचा पाळीप्रमुख काय मोजतो?

रस्त्याने भोंगा वाजवीत बंब निघाला की आपण सारे वळून पाहतो. आपली नजर शिडीवर जाते, पाण्याच्या टाकीवर जाते, शिरस्त्राण घातलेल्या जवानांवर जाते. चालकाशेजारी बसलेल्या माणसाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तो असतो त्या पाळीचा प्रमुख. महाराष्ट्रातील अग्निशमन दलांत त्याचा हुद्दा बहुधा सब ऑफिसर किंवा स्टेशन ऑफिसर असा असतो. त्याचे काम काय, असे विचारले तर पुष्कळ विद्यार्थी ‘आग विझवणे’ असे उत्तर देतील. पाण्याचा पाइप हाती धरून आग विझवतात ते जवान. पाळीप्रमुखाचा पुष्कळसा वेळ मोजण्यात जातो, आणि ते मोजमाप चुकले तर माणसे दगावतात. आपण वर्गात शिकतो तेच दाबाचे आणि उष्णतेचे नियम त्याला या कामी लागतात, म्हणून त्याच्या कामाची ओळख करून घेऊ या.

पाळी बदलताना प्रथम हजेरी होते. मग जाणाऱ्या पाळीकडून एकेक वस्तू तपासून ताब्यात घ्यायची. गाडीत इंधन किती, टाकी काठोकाठ भरली आहे का, पंप चालू करून दाब धरतो का, पाइपांचे जोड गळतात का, दोर आणि शिड्या धड आहेत का. सर्वांत बारकाईने पाहायचे ते श्वसनसंच. धुरात शिरणारा जवान पाठीवर दाबाखालील हवेचा सिलिंडर बांधतो आणि मुखवट्यातून तीच हवा घेतो. (हा सिलिंडर ऑक्सिजनचा असतो असा पुष्कळांचा समज आहे. त्यात असते ती आपण घेतो तीच साधी हवा.)

समजा, काल सायंकाळी सिलिंडर ३०० बारपर्यंत भरला. एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या वातावरणाचा दाब. भरताना हवा दाबली जाते, म्हणून ती तापते. ती ५० अंश सेल्सियसला असताना काटा ३०० वर होता आणि सकाळपर्यंत ती ३० अंशांवर आली, तर काटा काय दाखवील? आकारमान कायम असताना वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ३०० ला ३०३ ने गुणून ३२३ ने भागा. उत्तर येते सुमारे २८१. गळती कोठेही नाही, तरी काटा १९ बारने उतरला! म्हणून कालच्या नोंदीवर भिस्त न ठेवता पाळीप्रमुख काटा आज पुन्हा वाचतो. हे १९ बार किती मोलाचे असतात ते पुढे कळेल.

आता वर्दी आली. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कोणीतरी आगीची खबर दिली. गाडी बाहेर पडेपर्यंत आणि वाटेत पाळीप्रमुख माहिती गोळा करीत असतो: इमारत किती मजली, आत माणसे आहेत का, जळते आहे ते लाकूड की तेल की विजेची तार, जवळचा पाण्याचा नळखांब कोठे. आपल्या हद्दीतील गल्लीबोळ, कोणत्या वळणावर मोठी गाडी अडते, कोणत्या सोसायटीची भूमिगत टाकी वापरता येते, हे त्याने आग नसतानाच्या दिवसांत फिरून पाहून ठेवलेले असावे लागते.

पाण्याचा हिशेब असा. आपल्याकडील मध्यम आकाराच्या बंबात ४,५०० लिटर पाणी असते. पाइपाच्या टोकाला २० मिलिमीटर व्यासाचे तोंड आहे आणि तेथे दाब ५ बार आहे, असे धरू. पाणी सेकंदाला सुमारे ३२ मीटर वेगाने बाहेर पडेल, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ६०० लिटर. भागाकार करून पाहा: टाकी साडेसात मिनिटांत रिकामी! तेवढ्यात दुसरा बंब किंवा नळखांबाची जोडणी हवी. ‘आणखी कुमक पाठवा’ हा निरोप टाकी आटल्यावर देऊन उपयोग नसतो, तो पोहोचताक्षणीच द्यावा लागतो. याच वेगामुळे पाइप धरणाऱ्याला मागे रेटा बसतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तो सुमारे ३२ किलोग्रॅम वजनाइतका येतो. सतत एवढा रेटा सोसत एकट्याने फार वेळ टिकणे कठीण, म्हणून पाइपावर दोघे लागतात. आपल्या पाळीत माणसे मोजकी असतात, तेव्हा हाही हिशेबच.

पंपावर दाब किती ठेवायचा? टोकाला ५ बार हवेत. आग ३० मीटर उंचीवर असेल तर दर १० मीटरला एक याप्रमाणे ३ बार चढाईसाठी गेले. पाइपाच्या आत घर्षण होते. ६३ मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर लांब पाइपात या प्रवाहाला ढोबळमानाने पाव बार खर्ची पडतो. असे आठ पाइप जोडले तर २ बार गेले. एकूण १० बार. आता कोणी म्हणेल, पाणी दुप्पट सोडा. घर्षणाने होणारी घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २ चे ८ बार होतील. त्यापेक्षा शेजारून पाइपांची दुसरी रांग टाकली की प्रत्येकीत निम्मे पाणी आणि पाव घर्षण! हा तोडगा उभ्या उभ्या सुचायला वर्गाचे सूत्र अंगवळणी पडलेले असावे लागते.

पाणी आगीतून उष्णता किती नेते? ३० अंशांचे एक लिटर पाणी उकळेपर्यंत ७० किलोकॅलरी घेते, पण त्याची वाफ होताना आणखी ५४० घेते. खरा फायदा वाफेत आहे. तुषार बारीक असले की वाफ लवकर होते, जाड धारेतले बरेचसे पाणी जिन्यावरून वाहून जाते. मग नेहमी तुषारच का मारीत नाहीत? एक तर ते दूर जात नाहीत. दुसरे म्हणजे एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. बंद खोलीत ती जाणार कोठे? उलट दाराकडे, जेथे आपलाच जवान उभा आहे. म्हणून वाफेला आणि धुराला वाट कोठून द्यायची, खिडकी केव्हा फोडायची, हेही पाळीप्रमुखच ठरवतो. वेळेआधी फोडली तर कोंडलेल्या आगीला नवा प्राणवायू मिळतो आणि ती एकदम भडकते.

या सर्वांहून कठीण हिशेब हवेचा. पुन्हा तो सिलिंडर घेऊ. त्याची धारकता ६ लिटर आणि दाब २८० बार. जवान १० वाजून २० मिनिटांनी आत गेला. ५५ बार उरले की संचाची शिटी वाजते. ती हवा केवळ अडचणीसाठी राखीव, कामासाठी नव्हे. म्हणजे वापरायला २२५ बार, अर्थात १,३५० लिटर. मिनिटाला ४० लिटर लागतात असे धरले तर शिटी १० वाजून ५४ मिनिटांच्या सुमारास वाजेल. पण जड माणूस उचलून आणताना श्वास वाढतो. मिनिटाला ६० लिटर लागले तर ती १० वाजून ४२ मिनिटांनीच वाजेल. शिवाय परतीची वाट आहेच. आत पोहोचायला ८० बार गेले तर परतायलाही ८० ठेवायला हवेत. उरले ६५ बार, म्हणजे जेमतेम सहा ते दहा मिनिटांचे काम. सकाळच्या त्या १९ बारचे मोल आता लक्षात येईल! आत जोडीने जातात, आणि ज्याचा काटा खाली त्याच्यावर दोघांचा हिशेब.

आतला माणूस धुरात चाचपडत असतो, त्याला वेळेचे भान राहत नाही. म्हणून दाराशी एक फळा ठेवतात. आत जाणाऱ्याने आपल्या संचाची पट्टी तेथे लावायची. तीवर नाव, दाब आणि वेळ लिहिलेली असते. बाहेर आल्यावर ज्याने त्याने आपली पट्टी काढून घ्यायची. फळ्यावर पट्टी राहिली म्हणजे माणूस आत राहिला. या साध्या युक्तीमागे दुःखद इतिहास आहे. २३ जानेवारी १९५८ रोजी लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराखालील तळघरात आग लागली. बोळ आणि शीतगृहे यांच्या त्या चक्रव्यूहात दोन अग्निशामक वाट चुकले आणि मरण पावले. त्यांतला एक स्टेशन ऑफिसर होता. कोण किती वेळ आत आहे हे बाहेरून चोख कळावे, यासाठी फळ्याची आणि शिटीची पद्धत त्यानंतर ब्रिटनमध्ये पक्की झाली.

माझ्या मते पाळीप्रमुखाचा खरा कस येथे लागतो. आत अडकलेल्यांचे नातेवाईक आक्रोश करीत असतात, जवान स्वतःहून ‘साहेब, अजून दोन मिनिटे’ म्हणत असतात, आणि फळ्यावरचा आकडा म्हणतो, बाहेर बोलवा. त्या वेळी आकड्याचे ऐकणे सोपे नसते. स्वतः आत धाव घ्यावी असे त्यालाही वाटत असणार. पण तो आत गेला तर बाहेर मोजणारा कोणी उरत नाही.

या जागी पोहोचण्याचे मार्ग दोन. जवान म्हणून भरती होऊन, प्रमुख अग्निशामक होऊन अनुभवाने वर यायचे, किंवा पदवीनंतर सब ऑफिसरचा अभ्यासक्रम पुरा करून अर्ज करायचा. अटी दलागणिक बदलतात, तेव्हा जाहिरात नीट वाचावी. उंची, छाती, दृष्टी, धावणे, दोरावर चढणे यांची परीक्षा होतेच. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. तेथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही घेता येते. हर्षिणी कान्हेकर यांनी २००२ साली तेथे प्रवेश घेतला. त्या तेथील पहिल्या विद्यार्थिनी. विज्ञान शाखा हवीच का, असे विद्यार्थी विचारतात. वर केलेली गणिते ज्याला कंटाळवाणी वाटली नाहीत, त्याला ही शाखा जड जाऊ नये.

आग विझल्यावर धग पुन्हा धरत नाही ना हे पाहायला काही माणसे मागे ठेवायची, बाकीच्यांची शिरगणती करून केंद्रात परतायचे, ओले पाइप वाळत टाकायचे, टाकी भरायची, सिलिंडर भरायचे. मग नोंदवहीत वेळा, पाणी, माणसे आणि नुकसान लिहायचे. पुढची पाळी आली की तिचा प्रमुख पुन्हा एकेक काटा वाचू लागतो.