कर्बद्विप्राणिदाची वीज आणि हवेची लहर

सोड्याच्या बाटलींतील कर्बद्विप्राणिद वायु आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तो ३१ अंश सेल्सिअसच्या वर तापवून वातावरणाच्या सुमारें ७३ पटींहून अधिक दाबाखालीं ठेवला, तर तो धड वायुहि राहत नाहीं आणि धड द्रवहि होत नाहीं. बेलफास्टच्या थॉमस अँड्रूज यांनीं १८६९ सालीं ही सीमा विशद केली. याच अवस्थेंतील वायूवर टर्बाइन फिरविणारें १० मेगावॉटचें प्रायोगिक केंद्र अमेरिकेंत सॅन अँटोनिओ येथें उभारलें आहे.

सीमेजवळ हा वायु द्रवासारखा दाट असतो. म्हणून त्यास दाबण्यास श्रम थोडे पडतात. हाच मोठा लाभ. परंतु मेखहि येथेंच आहे. सुमारें ८० पट दाबावर तपमान ३२ वरून ३७ अंशांवर गेलें, कीं घनता जवळजवळ निम्म्यावर येते. दुपारच्या उन्हांत शीतकाची शक्ति घटली म्हणजे दाबयंत्राचे श्रम वाढतात व हातीं येणारी वीज उणावते. उलट रात्रीं गारवा वाढल्यास दाट झालेला वायु शीतकांत सांचतो, दाब ढळतो आणि द्रव होण्याचें भय उत्पन्न होतें.

यावर उपाय तीन. पहिला, पंख्यांची गति बदलणें, अथवा कांहीं वायु शीतकास वळसा घालून नेणें. दुसरा, राखीव टाकींतून वायु सोडून किंवा तींत काढून घेऊन दाब सांभाळणें. तिसरा, प्रवाह फार मंदावून उलटा धक्का बसूं नये म्हणून दाबयंत्रांतून निघालेला कांहीं वायु पुन्हां त्याच्या मुखाशीं आणणें.

मात्र केवळ तपमापकावर विसंबणें इष्ट नव्हे. सीमेजवळ पारा किंचित् हलतो, तोंच घनता पुष्कळ पालटलेली असते. म्हणून घनताहि मापावी आणि बदल सावकाश करावा, हेंच श्रेयस्कर.