नवा उद्योग काढणाऱ्याच्या अंगी काय असावे?

डाळ गिरणी, रोपवाटिका, अवजारे भाड्याने देण्याची सेवा असे उद्योग काढण्यासाठी अनेक तरुण गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे सल्ल्यास येतात. अशा वेळी आपण योजनेचे आकडे तपासतो. योजना चालविणारा मनुष्य कसा आहे, हे पाहण्याचे मात्र राहून जाते.

सेवेच्या आरंभी माझ्या हातूनही ही चूक घडली. एका पदवीधर तरुणाच्या डाळ गिरणीची मी शिफारस केली. घरची बागायत होती, बोलणे तडफदार होते. परंतु त्याने कोणत्याही गिरणीत एक हंगामदेखील काम केलेले नव्हते. तुरीस ओल किती द्यावी व ती किती वाळवावी, हे त्यास ठाऊक नव्हते. चुरा फार पडू लागला, व्यापारी माल घेईनात. दुसऱ्या वर्षी गिरणी बंद पडली आणि कर्ज फेडण्यासाठी विहिरीकाठचे शेत विकावे लागले.

एक बोधप्रद उदाहरण

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ते चित्रकला शिकण्यास मुंबईस गेले. पण रंग ओळखण्यातील दृष्टिदोषामुळे ती सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्यांनी अध्यापन केले. बेळगावी बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान चालविले. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर ही अवजारे त्यांनी तयार केली. म्हणजे कारखानदारीत पडण्यापूर्वी यंत्राची जाण आणि गिऱ्हाइकाची ओळख ही दोन्ही त्यांच्यापाशी होती.

तरीही यश सहज मिळाले नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी ओसाड माळावरील ३२ एकर जमीन व १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले, आणि १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी वसली. तेथे वसाहतीची व्यवस्था रामूअण्णा, हिशेब मंगेशराव रेगे व कारखान्याचे काम शंभूराव जांभेकर पाहत. आपणास सर्व काही येते, असा लक्ष्मणरावांचा आग्रह नव्हता.

यातून काय घ्यावे?

किर्लोस्करवाडी वसली तेव्हा लक्ष्मणराव ४० वर्षांचे होते. उद्योग हे केवळ कोवळ्या वयाचे काम आहे, ही समजूत बरोबर नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, सर्वाधिक वेगाने वाढलेल्या नव्या उद्योगांच्या संस्थापकांचे आरंभीचे सरासरी वय ४५ वर्षे आढळले. त्याच धंद्यातील पूर्वानुभव असलेल्यांना यशाची शक्यता अधिक, असेही त्यात दिसून आले.

परंतु गुण असले की यश ठरलेलेच, असेही नव्हे. औंधचा आधार नसता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. चिकाटी असूनही बुडालेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी शिफारशीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) अर्जदाराने त्या धंद्यात निदान एक हंगाम प्रत्यक्ष काम केले आहे काय? नसल्यास आधी ते करण्यास सांगावे.

(२) माल कोण घेणार, हे त्याने गिऱ्हाइकांना स्वतः भेटून विचारले आहे काय?

(३) हिशेब अथवा यंत्र यांपैकी जे त्यास येत नाही, ते सांभाळणारा विश्वासू साथीदार आहे काय?

(४) दोन वर्षे नफा न झाल्यास घरखर्च कशातून भागेल?

घरची जमीन किती, यापेक्षा या चार प्रश्नांची उत्तरे अधिक मोलाची आहेत. ती समाधानकारक नसतील तर शेतकरी बंधूस नकार न देता एक वर्ष थांबण्याचा सल्ला द्यावा. उशिरा निघालेला उद्योग वाढू शकतो. गेलेले शेत मात्र क्वचितच परत येते.