प्रिंटर घरातच, पण दिसेना!

मैत्रिणींनो, मुलांचं हॉलतिकीट, शेताचा सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज... कागदावाचून आपलं पान हलत नाही. म्हणून आता लहान गावांतही काही घरांत प्रिंटर दिसू लागलेत. काही जणी तर घरबसल्या प्रिंट काढून देऊन चार पैसे मिळवतात. अशा वेळी मोबाइलने ‘प्रिंटर सापडला नाही’ म्हटलं, की दारात आलेलं गिऱ्हाईक माघारी जातं. मग मेकॅनिकला बोलावणं, त्याचे पैसे! खरं तर बऱ्याचदा प्रिंटर अगदी ठणठणीत असतो.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंकडे हेच झालं. प्रिंटर खालच्या खोलीत. वर रेंज येत नाही म्हणून मुलाने दुसरा राउटर बसवला. वर इंटरनेट झकास, पण प्रिंटर गायब!

आता गंमत बघा. मोबाइल प्रिंटर शोधतो म्हणजे ‘इथे प्रिंटर आहे का कुणी?’ अशी हाळी देतो आणि प्रिंटर ‘ओ’ देतो. ही हाळी त्या एका नेटवर्कपुरतीच असते. राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. दुसरा राउटर नुसता जोडला, तर बहुधा तो आपलं वेगळं नेटवर्क मांडतो. म्हणजे एका घरात दोन चुली! दोन्हींचं नाव, पासवर्ड एकच ठेवला तरी चुली वेगळ्याच.

हे ओळखायचं कसं? वायफायच्या सेटिंगमध्ये मोबाइलचा आयपी पत्ता दिसतो. प्रिंटरचा पत्ता त्याच्या माहितीच्या पानावर छापून मिळतो. एक १९२.१६८.१.५ आणि दुसरा १९२.१६८.०.७ असा असेल, म्हणजे तिसरा आकडा जुळत नसेल, तर घोळ इथेच आहे असं समजा.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडा. मग तो वेगळी चूल न मांडता पहिल्याचंच वायफाय वर पोचवतो. ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर मात्र प्रिंटर किंवा मोबाइल ठेवू नका. पाहुण्यांना घरातली यंत्रं दिसू नयेत म्हणूनच ते असतं. आणखी एक. प्रिंटरचा पत्ता आपोआप बदलू शकतो. म्हणून पहिल्या राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवा. शोधूनही सापडला नाही, तर कॉम्प्युटरवर तोच पत्ता टाकून प्रिंटर जोडता येतो.

आणि गिऱ्हाईक दारात उभं असेल तर? मोबाइल घेऊन खाली या, प्रिंटर ज्या वायफायवर आहे तेच जोडा आणि प्रिंट द्या. दुरुस्ती नंतर निवांत करा.

मिक्सर बंद पडला तर आपण आधी प्लग बघतो, नाही का? तसंच इथेही आधी दोन पत्ते ताडून बघा. ‘हे आपल्याला कुठलं जमायला’ असं म्हणून मुलगा कॉलेजातून यायची वाट बघत बसू नका. धंदा तुमचा आहे, तर त्याची किल्लीही तुमच्याच कमरेला हवी!