चाखायला नको, रांधायला बोलवा

नैराश्यावरच्या ऑनलाइन कार्यक्रमांची मोठी चाचणी इंग्लंडमध्ये झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापले. रुग्ण ६९१. 'बीटिंग द ब्लूज' आणि 'मूडजिम' हे दोन्ही कार्यक्रम नावाजलेले, शास्त्राला धरून. तरी पहिल्याची आठही सत्रं पुरी करणारे निघाले १८ टक्के, दुसऱ्याची सहाही पुरी करणारे १६ टक्के. नेहमीच्या डॉक्टरी उपचारांना त्यांची जोड देऊन फारसा फरक पडला नाही. रुग्णच आळशी, असं म्हणून मोकळं होता येतं. पण ज्याला अंथरुणातून उठणं जड जातंय, त्याला पासवर्ड टाकून गृहपाठ करायला लावणं ही कोणाची चूक?

असे कार्यक्रम बनवणारे वापरणाऱ्यांना विचारत नाहीत असं नाही. विचारतात, पण पंगत बसल्यावर, मीठ बरोबर आहे का एवढंच. उलट, गोव्यातल्या 'संगत' संस्थेने शाळकरी मुलांसाठी 'पॉड अॅडव्हेंचर्स' हा मोबाइलवरचा खेळ केला तेव्हा तो घडवण्याच्या टप्प्यापासूनच मुलं सोबत होती. 'पॉड' म्हणजे प्रॉब्लेम, ऑप्शन्स, डू इट: आधी गोष्टीतल्या पात्राची अडचण सोडवायची, मग स्वतःची. तीही शाळेतच, समुपदेशकाच्या आधाराने.

यावर डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे: औषधाची मात्रा रुग्णांच्या मतदानाने ठरत नाही. ठरूही नये. 'पॉड'चा गाभा, म्हणजे समस्या सोडवण्याची पद्धत, संशोधनातूनच आला. मुलांनी घडवलं ते त्याचं रूप. पण रूप म्हणजे वरवरचा रंग नव्हे. मुंबईच्या 'आरमान' संस्थेची 'एममित्र' सेवा गरोदर बायकांना लिखित मजकुराऐवजी आवाजी संदेश देते, वेळ बाईनेच निवडायची, फोन हुकला तर मिस्ड कॉल दिला की संदेश पुन्हा येतो. धुणीभांडी कधी आटपतात आणि घरातला फोन नवऱ्याच्या खिशातून कधी सुटतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? ती वेळ चुकली तर उत्तमातला उत्तम सल्लाही वाया.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. असं काही घडवायच्या कार्यशाळेला येतात ती बोलकी, सवड असलेली माणसं. दुसऱ्याच सत्रात ज्यांनी रामराम ठोकला ती येत नाहीत, आणि ऐकायचं असतं नेमकं त्यांचंच. त्यांना शोधून आणायचं तर वेळ लागतो, बुडालेला रोज भरून द्यावा लागतो. ही तरतूद पहिल्या अंदाजपत्रकातच हवी. चाचणीनंतर पैसे उरले तर बघू, असं म्हटलं की ती माणसं पुन्हा गैरहजरच.