नर्सिंगची अंतिम परीक्षा : तयारी विद्यार्थिनीची आणि घराचीही

खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या भागांतून नर्सिंग शिकण्यासाठी बेळगावला येणाऱ्या मुलींमध्ये आपल्या सभासद कुटुंबांतल्या अनेक जणी आहेत. अलीकडे काही मुलगेही या शिक्षणाकडे वळले आहेत. शेवटची परीक्षा जवळ आली की आपल्या वाचनालयात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. मुली विचारतात, "एवढे सगळे पाठ कधी होणार?" आणि पालक म्हणतात, "आम्हाला त्यातले काही कळत नाही, मग आम्ही मदत तरी काय करणार?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न आम्ही इथे करत आहोत.

परीक्षा नेमकी कशाची?

जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. कर्नाटकात जीएनएमची परीक्षा राज्याचे नर्सिंग डिप्लोमा परीक्षा मंडळ घेते. बी.एस्सी.ची परीक्षा राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, किंवा कॉलेज अभिमत विद्यापीठाचे असेल तर ते विद्यापीठ घेते. बी.एस्सी.च्या २०२१च्या अभ्यासक्रमात आठ सत्रे आहेत. मोठी लेखी परीक्षा सातव्या सत्राला संपते आणि आठवे सत्र इंटर्नशिपचे असते.

दोन्हीकडे शेवटच्या टप्प्यात वजन असते ते प्रसूती परिचर्या आणि सामाजिक आरोग्य परिचर्या या विषयांना. मुख्य विषयांत लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के गुण लागतात. लेखी परीक्षेत कितीही गुण पडले तरी प्रात्यक्षिकातली उणीव त्यातून भरून निघत नाही. अनेक हुशार मुली इथेच अडकतात.

कारण साधे आहे. ही परीक्षा पास झालेली मुलगी राज्य परिचर्या परिषदेत नोंदणी करते आणि काही महिन्यांत रात्रपाळीला वॉर्डात उभी राहते. म्हणून परीक्षकाच्या मनात एकच प्रश्न असतो : हिच्यावर पेशंट सोपवता येईल का? तयारीही याच प्रश्नाला धरून करावी.

पानाऐवजी पेशंट समोर ठेवा

बहुतेक मुली पुस्तकाच्या क्रमाने अभ्यास करतात. व्याख्या, कारणे, लक्षणे, उपचार अशी यादी पाठ होते, पण प्रश्न प्रसंगाच्या रूपात आला की ती यादी उपयोगी पडत नाही.

एक उदाहरण घेऊ. बाळंतपण होऊन अर्धा तास झाला आहे, वार पडली आहे, पण रक्तस्राव थांबत नाही. बाई घाबरली आहे, नाडी जलद आहे, पोटाला हात लावला तर गर्भाशय मऊ लागते. तुम्ही आधी काय कराल?

पाठांतरावर विसंबलेली विद्यार्थिनी सुरुवात करते, "प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव म्हणजे..." व्याख्या बरोबर आहे, पण तेवढ्या वेळात बाईचे रक्त जात असते. उत्तराची सुरुवात कृतीपासून व्हायला हवी. मदतीसाठी हाक मारायची, मात्र बाईला एकटीला सोडून डॉक्टरांना शोधायला बाहेर जायचे नाही. पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करायचे. मूत्राशय भरलेले असेल तर रिकामे करायचे, कारण भरलेले मूत्राशय गर्भाशयाला आकसू देत नाही. जाड सुईने सलाईन सुरू करायचे, आदेशाप्रमाणे ऑक्सिटोसिन द्यायचे, नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहायचा, गेलेल्या रक्ताचा अंदाज घ्यायचा आणि सगळे वेळेसह लिहून ठेवायचे.

पुढचा प्रश्न येतो 'का' या शब्दाने. गर्भाशय मऊ आहे म्हणजे ते आकसलेले नाही, आणि रक्तस्रावाचे सर्वांत नेहमीचे कारण तेच असते. गर्भाशय घट्ट असूनही रक्त जात असेल तर कुठे फाटले आहे का ते पाहायला हवे. वारेचा तुकडा आत राहिला आहे का, रक्त गोठत नाही का, हेही तपासायचे. चार कारणांची यादी अशी पेशंटच्या खाटेजवळ उभे राहून लक्षात ठेवली तर ती विसरत नाही.

म्हणून रोज एक पेशंट घ्या. तुमच्या केस बुकमध्येच कितीतरी आहेत. तिला काय होत होते, तुम्ही काय पाहिले, कोणती अडचण पहिली होती, काय केले, त्याचा काय परिणाम झाला, या पाच पायऱ्या पुस्तक मिटून सांगा. यालाच तुमच्या अभ्यासक्रमात परिचर्या प्रक्रिया म्हणतात. ती पहिल्या वर्षीच शिकवलेली असते, पण तिचा खरा उपयोग शेवटच्या वर्षी होतो.

लेखी पेपर : वेळेचा हिशेब

बी.एस्सी.च्या २०२१च्या अभ्यासक्रमातल्या नमुन्याप्रमाणे ७५ गुणांच्या पेपरात १२ बहुपर्यायी प्रश्न, १० गुणांचे दोन दीर्घ किंवा प्रसंगावरचे प्रश्न, ५ गुणांचे सात लघुप्रश्न आणि २ गुणांचे चार अतिलघू प्रश्न असतात. वेळ तीन तास. आपल्या विद्यापीठाच्या मागच्या प्रश्नपत्रिका पाहून मांडणीची खात्री करून घ्यावी. जीएनएमच्या मुलींनी आपल्या मंडळाच्या मागच्या पेपरांवरून असाच हिशेब करावा.

बहुपर्यायी प्रश्नांना १५ मिनिटे, दीर्घ प्रश्नांना प्रत्येकी २५, लघुप्रश्नांना प्रत्येकी १२ आणि अतिलघू प्रश्नांना प्रत्येकी ४ मिनिटे दिली तर १६५ मिनिटे होतात. उरलेली १५ मिनिटे तपासायला. पहिल्या आवडत्या प्रश्नावर पाऊण तास घालवला तर शेवटचे दोन-तीन लघुप्रश्न राहतात, म्हणजे १० ते १५ गुण हातचे जातात. परीक्षेआधी निदान तीन पेपर घड्याळ लावून पूर्ण लिहावेत. उत्तरात जिथे जमेल तिथे आकृती किंवा तक्ता काढावा. पार्टोग्राफ, अपगार गुणांचा तक्ता आणि लसीकरणाचे वेळापत्रक हे तीन तर न पाहता काढता आलेच पाहिजेत.

औषधाची गणिते रोज दोन सोडवा. ५०० मिलिलिटर सलाईन पाच तासांत द्यायचे आहे आणि संच एका मिलिलिटरला २० थेंबांचा आहे. मग ५०० गुणिले २० भागिले ३०० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३ थेंब. संच ६० थेंबांचा असेल तर तासाला जितके मिलिलिटर, तितकेच मिनिटाला थेंब. या गणितात तासांची मिनिटे करायला विसरणे ही नेहमीची चूक आहे. परीक्षेत तिने गुण जातात, वॉर्डात तीच चूक पेशंटला भोवते.

प्रात्यक्षिक आणि व्हायवा

प्रात्यक्षिकात अंतर्गत आणि बाहेरून आलेले असे दोन्ही परीक्षक असतात. गुण जातात ते बहुधा साध्या गोष्टींवर. हात न धुणे, पेशंटला आपले नाव न सांगणे, काय करणार आहोत ते न समजावता थेट हात लावणे, पडदा न ओढणे, काम झाल्यावर नोंद न करणे. या गोष्टी आदल्या रात्री पाठ होत नाहीत. रोजच्या पोस्टिंगमध्ये अंगवळणी पडल्या तरच परीक्षेच्या दिवशी आपोआप होतात.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, भाषेची. मुलगी घरी मराठी बोलते, पुस्तक आणि परीक्षा इंग्रजी, आणि खाटेवरची आजी बैलहोंगलकडची, फक्त कन्नड बोलणारी. परीक्षकासमोर पेशंटशी बोलताच आले नाही तर पुढचे सगळे अडते. "नोवु एल्लि इदे?" म्हणजे कुठे दुखते, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झाले का, "उसिराटक्के तोंदरे इदेया?" म्हणजे श्वासाला त्रास होतो का. अशी वीस-पंचवीस वाक्ये वहीत लिहून वॉर्डात वापरावीत. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाईक बायका हौसेने उच्चार सुधारून देतात.

व्हायवाची अडचण उलटी आहे. उत्तर डोक्यात मराठीत असते आणि तोंडातून इंग्रजी लवकर निघत नाही. त्यावर मोठ्याने बोलण्याचा सराव हाच उपाय. छोटी, पूर्ण वाक्ये बोलावीत. येत नसेल तर तसे सांगावे. अंदाजाने औषधाचा चुकीचा डोस सांगणारी विद्यार्थिनी परीक्षकाला जास्त धोक्याची वाटते.

घराने काय करावे?

आता पालकांसाठी. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात लेखी आणि प्रात्यक्षिक वर्गांची किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी किंवा डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. गैरहजेरीचे कारण कोणतेही असो, दिवस भरून द्यावेच लागतात.

आपल्याकडे काकांच्या घरचे लग्न, गणपती, सुगी, वास्तुशांत, प्रत्येक वेळी "चार दिवस ये" असा निरोप जातो. आमच्या एका सभासदाची मुलगी अशीच तीन कार्यांना मिळून पंधरा-सोळा दिवस घरी राहिली. परीक्षा ती पास झाली, पण प्रात्यक्षिकाचे दिवस भरेपर्यंत कागद अडकले, नोंदणी लांबली आणि ठरलेली नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. दोष मुलीचा नव्हता. तिला बोलावणाऱ्या आम्हा मोठ्या माणसांचा होता. शेवटच्या वर्षी बोलावण्याआधी "पोस्टिंग आहे का?" एवढे विचारावे. लग्नाची बोलणी असतील तर तारीख परीक्षेनंतरची धरावी.

रात्रपाळी करून आलेली मुलगी दुपारी झोपली तर तिला पाहुण्यांच्या चहासाठी उठवू नये. आणि इंग्रजी येत नसले तरी आई-वडिलांना व्हायवा घेता येतो. मुलीने प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून द्याव्यात, आईने एक चिठ्ठी उचलून तिच्या हातात द्यावी, घड्याळ लावावे आणि ती कुठे अडखळते एवढेच पाहावे. समोर माणूस बसले आहे, याच्या सवयीनेच निम्मी भीती जाते.

एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षेला बसता येते. त्या दिवसांत "लोक काय म्हणतील" हे घरात बोलू नये.

कागदपत्रे आधीच पाहा

आपल्या भागात नावांचा घोळ फार. शाळेत कन्नड पद्धतीने आद्याक्षरे लागलेली, आधारवर मराठी पद्धतीने आडनाव, गुणपत्रिकेवर तिसरेच स्पेलिंग. नोंदणीच्या वेळी हे अडते. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव धरून बाकीचे कागद परीक्षेआधीच जुळवून घ्यावेत. पुढे कोल्हापूर, पुणे किंवा गोव्यात नोकरी करायची असेल तर आधी कर्नाटकात नोंदणी, मग इथल्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन त्या राज्याच्या परिषदेत नोंदणी, असा क्रम असतो. याला वेळ लागतो, तेव्हा निकालाची वाट पाहत बसण्यापेक्षा कागदांची फाईल आधीच तयार ठेवावी.

शेवटी एक विनंती. आपल्या सभासदांमध्ये नर्सिंगच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या भगिनी आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयात येऊन मुलींचा व्हायवा घ्यावा. मागच्या खोलीतले टेबल परीक्षा संपेपर्यंत या मुलींसाठी मोकळे ठेवू. ज्या घरांत परीक्षार्थी आहेत त्यांनी कार्यालयात नाव कळवावे.