बहुमत गेले की हात बांधले

प्रॉक्समॉक्स व्हीई या मुक्त प्रणालीत क्लस्टरचा कारभार ‘पीव्हीईसीएम’ या कमांडवर चालतो. ‘क्रिएट’ने क्लस्टर उभा राहतो, ‘ॲड’ने नवा नोड, म्हणजे सर्व्हर, जोडला जातो. ‘ॲड’ची कमांड मात्र नव्या नोडवरच द्यायची.

खरी गोम आहे मतांची. प्रत्येक नोडला साधारणतः एक मत. 3 पैकी 2 जागे हवेतच. बहुमत गेले की सेटिंग फक्त वाचता येतात, नवे व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही. म्हणून दोनच नोडचा क्लस्टर लंगडा. तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस हे बाहेरून मत देणारे साधन जोडता येते. मतांची स्थिती ‘स्टेटस’ सांगतो.

नोड काढताना आधी तो बंद करा, मगच दुसऱ्या नोडवरून ‘डेलनोड’ चालवा. काढलेला नोड जुन्याच सेटिंगसह त्या नेटवर्कवर पुन्हा कधीही सुरू करू नका.